विश्वसनीय जनुक-अभिव्यक्तीसाठी मायक्रोअ‍ॅरे स्लाइडची रचना: विश्लेषणाकडून छपाईकडे

मायक्रोअ‍ॅरे म्हणजे काचेच्या स्लाइडवर छापलेल्या हजारो डीएनए-ठिपक्यांच्या (स्पॉटांच्या) साहाय्याने अनेक जनुकांची अभिव्यक्ती एकाच वेळी मोजण्याची पद्धत. अशा प्रयोगात एखाद्या जनुकाचा आकडा वाढलेला दिसतो, तेव्हा त्यामागे पेशीतली खरी घडामोड असू शकते. पण छपाईच्या वेळी छपाईयंत्राच्या एखाद्या पिनने जास्त द्रव सोडला असेल, प्रोबची, म्हणजे एकेक जनुक ओळखणाऱ्या डीएनए-तुकड्यांची, एखादी प्लेट अर्धवट सुकली असेल, काचेच्या कडेला संकरणाचा (नमुना प्रोबना बांधला जाण्याचा) द्रव आटला असेल किंवा नमुन्यांना जोडलेल्या दोन रंगद्रव्यांपैकी एक त्या विशिष्ट डीएनए-क्रमात अधिक सहज सामावले गेले असेल, तरीही आकडा असाच वाढतो. विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरपर्यंत ही सारी कारणे एकाच संख्येत मिसळून पोहोचतात. ती पुन्हा वेगळी करता येतील की नाही, हे प्रोब प्लेटच्या कोणत्या वेलमध्ये (खळग्यात) भरला आणि कोणता नमुना कोणत्या स्लाइडवर गेला, यावर अवलंबून असते, आणि ते छपाईपूर्वीच ठरून गेलेले असते. म्हणून या लेखात स्लाइडची रचना विश्लेषणाच्या टोकाकडून सुरू केली आहे. चुकीचा प्रत्येक ज्ञात उगम, म्हणजे पिन, प्लेट, स्लाइडवरची जागा, रंगद्रव्य आणि छपाईचा गट, हा जैविक प्रश्नाशी एकरूप होणार नाही अशी मांडणी करणे, हेच रचनाकाराचे मुख्य काम आहे.

१९९५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने अ‍ॅराबिडॉप्सिस या वनस्पतीच्या ४५ जनुकांची अभिव्यक्ती काचेवर छापलेल्या सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला पूरक डीएनए) स्पॉटांच्या साहाय्याने मोजली, तेव्हापासून काचेची स्लाइड आणि दोन रंगद्रव्ये ही जोडी रूढ झाली. पुढचे विवेचन प्रामुख्याने पिनने छापलेल्या, दोन रंगांच्या ऑलिगो (कृत्रिमरीत्या बनवलेले लहान डीएनए-तुकडे) स्लाइडला धरून आहे, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक निर्णय आपल्या हाती असतो. काचेवरच प्रोब संश्लेषित करणाऱ्या तयार स्लाइडांविषयी योग्य त्या ठिकाणी सांगेन.

आधी तुलना, मग स्लाइड

सर्वप्रथम कागदावर एक वाक्य लिहावे: कोणत्या दोन किंवा अधिक अवस्थांमधील कोणता फरक मोजायचा आहे? दोनच अवस्था असतील, तर त्या एकाच स्लाइडवर समोरासमोर आणणे सर्वांत काटकसरीचे ठरते. एका स्लाइडवरील लॉग-गुणोत्तराचे (दोन रंगांच्या तीव्रतांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमचे) विचरण, म्हणजे मोजमापातील चढउताराचे माप, एक एकक मानले, तर दोन स्लाइडांवर थेट तुलना करून सरासरी घेतल्यावर ते अर्धा एकक उरते. त्याच दोन स्लाइड वापरून दोन्ही अवस्था एका सामाईक संदर्भ नमुन्याशी ताडल्या आणि मग वजाबाकी केली, तर ते दोन एकके होते. म्हणजे तेवढ्याच स्लाइडांमध्ये विचरणात चौपट फरक पडतो.

तरीही अनेक अवस्था, लांबत जाणारा प्रकल्प किंवा पुढे नवे नमुने जोडण्याची शक्यता असेल, तर संदर्भ नमुन्याची रचनाच मी सुचवेन. वर्तुळाकार रचनेत प्रत्येक अवस्था पुढच्या अवस्थेशी जोडलेली असते आणि ती कागदावर कार्यक्षम दिसते, पण एक स्लाइड बिघडली की साखळी तुटते आणि दूरच्या अवस्थांमधील तुलना दुबळी होते. संदर्भ रचनेत एक स्लाइड गेली तर एकच नमुना जातो. संदर्भ नमुना निवडताना मात्र एक अट पाळावी: स्लाइडवरील बहुतेक प्रोबना त्याने मोजण्याजोगा संकेत दिला पाहिजे, कारण शून्याजवळच्या छेदाने काढलेले गुणोत्तर निरर्थक असते. तो संपूर्ण प्रकल्पाला पुरेल इतका एकाच वेळी तयार करून, लहान लहान भागांत गोठवून ठेवावा.

रंगद्रव्यांची अदलाबदल ही थेट तुलनेची अविभाज्य बाब आहे. साय-३ आणि साय-५ या दोन रंगद्रव्यांचा समावेश सर्व क्रमांत सारखा होत नाही. काही जनुकांमध्ये हा कल इतका ठाम असतो की नॉर्मलायझेशननंतरही (तांत्रिक फरक काढून टाकण्याच्या गणिती दुरुस्तीनंतरही) तो उरतो. त्यामुळे निम्म्या जैविक पुनरावृत्तींमध्ये प्रायोगिक नमुना साय-५ने आणि निम्म्यांमध्ये साय-३ने अंकित करावा, म्हणजे त्याला ते रंगद्रव्य जोडावे. तोच आरएनए दोनदा उलटसुलट अंकित करण्यापेक्षा वेगवेगळ्या जैविक नमुन्यांमध्ये रंग वाटून देणे चांगले, कारण तेवढ्याच स्लाइडांमध्ये अधिक प्राणी, अधिक रोपे किंवा अधिक स्वतंत्र संवर्धने मोजली जातात. सांख्यिकीय निष्कर्ष व्यापक समूहाला लागू व्हायचा असेल, तर स्वतंत्र जैविक पुनरावृत्तींची संख्याच निर्णायक असते. प्रत्येक अवस्थेसाठी तीन ही किमान मर्यादा समजावी, आणि प्राथमिक चाचणीतून मिळालेल्या विचरणावरून खरी गरज काढावी.

प्रोबची निवड

छपाईसाठी साधारणपणे ५० ते ७० बेसचे ऑलिगो वापरतात. लांबी वाढली की संवेदनशीलता वाढते, पण सदृश जनुकांमधील भेद धूसर होतो. ५० बेसच्या प्रोबबाबत चांगली टिकलेली कसोटी अशी आहे की, अपेक्षित नसलेल्या कोणत्याही प्रतिलेखाशी (जनुकावरून बनलेल्या आरएनएशी) एकूण साम्य ७५ टक्क्यांच्या खाली असावे आणि सलग जुळणारा तुकडा १५ बेसपेक्षा मोठा नसावा. प्रत्येक उमेदवार प्रोब संपूर्ण प्रतिलेख-संग्रहाशी ब्लास्ट या क्रम-तुलनेच्या सॉफ्टवेअरने ताडून पाहावा. जनुक-कुटुंबांच्या बाबतीत ही अट पाळणारा प्रोब कधी कधी सापडतच नाही. अशा वेळी प्रोब ठेवावा, पण त्याच्या नोंदीत तो कोणकोणत्या जनुकांना बांधला जाऊ शकतो हे स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढे कुणी त्या आकड्याला एकाच जनुकाचे नाव देणार नाही.

वितळण-तापमान, म्हणजे जुळलेल्या दोन सरी सुट्या होण्याचे तापमान, सर्व प्रोबमध्ये शक्य तितके सारखे, सुमारे ५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात असावे, कारण संपूर्ण स्लाइडला संकरणाचे आणि धुण्याचे एकच तापमान मिळते. त्यासाठी प्रोबची लांबी काही बेसने कमी-जास्त करणे मान्य करावे. स्वतःवरच दुमडणारे, एकाच बेसची लांब माळ असलेले आणि पुनरावृत्त क्रमांचे प्रोब वगळावेत. ऑलिगो-डीटी या प्रायमरने सुरू केलेले उलट प्रतिलेखन (आरएनएवरून डीएनए बनवणे) एमआरएनएच्या पॉली-ए शेपटीकडून सुरू होते आणि वाटेत बरेचदा खंडित होते, म्हणून अशा पद्धतीत प्रोब ३ प्राइम, म्हणजे शेपटीकडच्या, टोकापासून १,००० ते १,५०० बेसच्या आत ठेवावा. जिवाणूंच्या आरएनएवर यादृच्छिक प्रायमर वापरले जातात, तिथे ही अट लागू होत नाही.

यानंतरची गोष्ट साधी असूनही संपूर्ण छपाई वाया घालवू शकते: प्रोबची दिशा. ऑलिगो एकसरी असतो, त्यामुळे तो अंकित टार्गेटला (नमुन्यातून बनवलेल्या सरीला) पूरक असलाच पाहिजे. आरएनएपासून थेट सीडीएनए बनवून तो अंकित केला, तर टार्गेट प्रति-अर्थी, म्हणजे एमआरएनएला पूरक, असतो आणि प्रोब अर्थवाही, म्हणजे एमआरएनएच्याच क्रमाचा, लागतो. टी-७ प्रवर्तक (आरएनए बनवण्याची सुरुवात करून देणारा क्रम) जोडून आरएनए वाढवला आणि तो वाढवलेला आरएनएच अंकित केला, तरी तो प्रति-अर्थीच असतो, त्यामुळे तोच प्रोब चालतो. परंतु त्या वाढवलेल्या आरएनएवरून पुन्हा उलट प्रतिलेखन करून सीडीएनए अंकित केला, की दिशा फिरते आणि अर्थवाही प्रोबांची संपूर्ण स्लाइड मुकी राहते. अंकनाची पद्धत ठरल्याशिवाय ऑलिगोंची मागणी नोंदवू नये, आणि नमुना कमी असल्यामुळे पुढे पद्धत बदलावी लागेल अशी शंका असेल, तर त्याचा विचार आत्ताच करावा. पीसीआरने तयार केलेले दुहेरी सरीचे प्रोब या अडचणीतून मुक्त असतात, पण त्यांची विशिष्टता कमी असते.

नियंत्रण स्पॉट

नियंत्रणांना उरलेली जागा देण्याची पद्धत सोडून द्यावी. त्यांची जागा आधी राखावी आणि मग जनुके बसवावीत. प्रत्येक नियंत्रण विश्लेषणातील एका प्रश्नाचे उत्तर देते. केवळ छपाई-द्रावण असलेले स्पॉट पिनमधून पुढे वाहून आलेला प्रोब पकडतात. अभ्यासातील जीवाशी साम्य नसलेल्या क्रमांचे ऑलिगो अविशिष्ट बंधनाची पातळी दाखवतात, आणि ‘हे जनुक या नमुन्यात दिसले’ असे म्हणण्याची सीमा त्यांच्याच वितरणावरून ठरवावी. सॅमन माशाचा डीएनए आणि पॉली-ए स्पॉट संकरण-द्रावणातील अडथळा आणणारे घटक पुरेसे होते का, हे सांगतात.

सर्वांत मोलाचे नियंत्रण म्हणजे बाहेरून मिसळलेला आरएनए. ज्यांचा क्रम अभ्यासातील जीवात नाही असे प्रतिलेख ठरावीक प्रमाणात दोन्ही नमुन्यांत अंकनापूर्वीच मिसळावेत. या कामासाठी ईआरसीसी या बाह्य आरएनए नियंत्रणांच्या संघाने निवडलेला ९२ प्रतिलेखांचा संच उपलब्ध आहे. त्यांतील काही दोन्ही नमुन्यांत समान, काही एकास तीन, काही एकास दहा अशा गुणोत्तरांत आणि प्रत्येक गुणोत्तर कमी, मध्यम व जास्त अशा संहतींत घ्यावे. मग मोजलेले गुणोत्तर खऱ्या गुणोत्तराच्या तुलनेत किती आक्रसले आहे, आणि कोणत्या तीव्रतेखाली ते विश्वासार्ह राहत नाही, हे प्रत्येक स्लाइडवर थेट वाचता येते.

लहान, विषयकेंद्री स्लाइडच्या बाबतीत नियंत्रणांचे महत्त्व आणखी वाढते. तीव्रतेनुसार वक्र जुळवून केलेले लोएस नॉर्मलायझेशन असे गृहीत धरते की बहुतेक जनुके बदलत नाहीत, किंवा वाढणारी आणि घटणारी साधारण सारखीच असतात. दाहाशी संबंधित ३०० जनुकांची स्लाइड दाह झालेल्या ऊतीवर वापरली, तर हे गृहीतक पहिल्याच पावलाला कोसळते आणि खरा बदल ‘दुरुस्त’ होऊन नाहीसा होतो. यावरचा उपाय म्हणजे सर्व प्रोबांचे मिश्रण करून त्याच्या क्रमाक्रमाने विरल केलेल्या पायऱ्या प्रत्येक ब्लॉकमध्ये (एका पिनने छापलेल्या चौकोनात) छापणे. मिश्रण सर्व जनुकांचे असल्याने त्याचे गुणोत्तर जैविक बदलाने फारसे हलत नाही, पायऱ्यांमुळे संपूर्ण तीव्रता-पट्टा व्यापला जातो, आणि वक्र याच स्पॉटांवरून जुळवता येतो.

जागेचा हिशेब

आता प्रत्यक्ष मांडणी. एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो, कारण तडजोडी कुठे कराव्या लागतात हे आकड्यांतच दिसते.

काच ७५ बाय २५ मिलिमीटरची आहे. छपाईच्या डोक्यात १२ बाय ४ अशा ४८ पिना आहेत आणि दोन पिनांमधील अंतर ४.५ मिलिमीटर, म्हणजे ३८४ वेलच्या प्लेटमधील अंतराइतकेच आहे. प्रत्येक पिन स्वतःचा एक ब्लॉक छापते, त्यामुळे छापील क्षेत्र ५४ बाय १८ मिलिमीटर होते. संकरणाच्या वेळी वर २२ बाय ६० मिलिमीटरची कव्हरस्लिप (पातळ काच) ठेवली, तर लांबीकडे प्रत्येक बाजूस ३ आणि रुंदीकडे २ मिलिमीटर समास उरतो. हा समास आवश्यक आहे. कडेला द्रव आटतो आणि तिथे पार्श्वभूमी चढते, म्हणून छापील क्षेत्र कव्हरस्लिपच्या कडेपर्यंत ताणण्याचा मोह टाळावा.

९,६०० जनुक-प्रोब आहेत, म्हणजे बरोबर २५ प्लेटा. नियंत्रणांसाठी ७६८ वेल राखले, तर एकूण १०,३६८ वेल आणि २७ प्लेटा होतात. ४८ पिना एका प्लेटमध्ये ८ वेळा बुडतात, म्हणून प्रत्येक ब्लॉकमध्ये २७ गुणिले ८, म्हणजे २१६ स्पॉट येतात आणि प्रत्येक प्रोब दोनदा छापायचा असल्याने ४३२. स्पॉटांच्या केंद्रांमध्ये २०० मायक्रोमीटर अंतर ठेवून २१ बाय २१ची चौकट केली तर ४४१ जागा मिळतात आणि काम भागते असे वाटते. पण दोन्ही प्रती वरच्या आणि खालच्या अर्ध्यात सारख्याच क्रमाने हव्या असतील, तर २१ स्तंभांच्या १० ओळींत २१० स्पॉटच बसतात आणि सहा उरतात. ओळी २२ केल्या, तर पहिल्या ते शेवटच्या केंद्रातले अंतर ४.२ मिलिमीटर होते आणि शेजारच्या ब्लॉकपर्यंत ०.३ मिलिमीटर उरते. प्रतिमा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ब्लॉकची सीमा ओळखायला एवढी फट अपुरी पडू शकते, आणि एक ओळ सरकली की त्या ब्लॉकमधल्या प्रत्येक स्पॉटला शेजाऱ्याचे नाव मिळते.

केंद्रांतील अंतर १९० मायक्रोमीटर करून २० स्तंभ आणि २२ ओळी घेतल्या, की हा प्रश्न सुटतो. उभे अंतर ३.९९ मिलिमीटर होते आणि ब्लॉकांमध्ये ०.५१ मिलिमीटरची स्पष्ट फट राहते. प्रत्येक अर्ध्यात ११ ओळी गुणिले २० स्तंभ अशा २२० जागा आहेत, त्यांतील २१६ भरतात आणि चार रिकाम्या राहतात. दोन प्रती एकमेकींपासून २२० स्पॉट, म्हणजे सुमारे २.१ मिलिमीटर अंतरावर पडतात. स्पॉटचा व्यास १०० मायक्रोमीटरच्या आसपास ठेवता आला, तरच १९० मायक्रोमीटरचे अंतर सुरक्षित असते. पिना १५० मायक्रोमीटरचे थेंब सोडत असतील, तर प्रोबांची संख्याच कमी करावी.

दोन प्रती शेजारी शेजारी छापणे सोपे असते, पण त्याचा उपयोग फार थोडा. धुळीचा कण, ओरखडा किंवा पार्श्वभूमीचा डाग दोन्ही प्रतींना एकदमच गाठतो आणि त्यांच्यातील जुळणी पाहून खोटा विश्वास निर्माण होतो. अंतर हवे, पण ते सर्व प्रोबांसाठी सारखेही हवे. आर भाषेतील लिम्मा पॅकेज प्रतींमधील सहसंबंधाचा सर्व जनुकांवरून मिळून अंदाज घेते आणि त्यासाठी प्रती समान अंतरावर असणे गरजेचे असते. वरच्या उदाहरणात ते अंतर २२० आहे. ही संख्या रचनेच्या नोंदीत लिहून ठेवावी, म्हणजे विश्लेषकाला ती शोधत बसावी लागणार नाही. स्लाइडवरील प्रती म्हणजे जैविक पुनरावृत्ती नव्हे, हेही त्याच नोंदीत लिहावे. दोन प्रतींना दोन स्वतंत्र निरीक्षणे धरले, की पी-मूल्ये खोटी लहान होतात.

प्लेटमध्ये प्रोब कुठे भरावा

या उदाहरणात शेजारचे वेल शेजारच्या ब्लॉकांत जातात आणि एका प्लेटचे ३८४ प्रोब सर्व ४८ ब्लॉकांत, प्रत्येकात त्याच आठ जागांवर पसरतात. याचा अर्थ असा की पिनचा दोष एका ब्लॉकभर दिसेल, तर प्लेटचा दोष प्रत्येक ब्लॉकमध्ये त्याच जागी पट्टा उमटवील. दोन्ही दोष एकमेकांना छेदून जातात, म्हणून ते वेगळे करता येतात. अट एकच: प्रत्येक पिनच्या आणि प्रत्येक प्लेटच्या वाट्याला जनुकांचा यादृच्छिक नमुना आलेला असावा.

ऑलिगो अनेकदा गुणसूत्रावरील क्रमाने, कार्यगटाने किंवा अभिव्यक्तीच्या पातळीनुसार लावलेल्या यादीतून मागवले जातात आणि प्लेटाही त्याच क्रमाने भरून येतात. मग रायबोसोमची सगळी जनुके एका प्लेटमध्ये बसतात. ती प्लेट थोडी सुकली, तर ‘रायबोसोमची जनुके एकत्रितपणे बदलली’ असा अतिशय आकर्षक आणि पूर्णपणे खोटा निष्कर्ष निघतो. गुणसूत्रावरील क्रम पाळला, तर शेजारच्या जनुकांची अभिव्यक्ती एकत्र बदलते असा आभास होतो. म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वीच यादी यादृच्छिक क्रमाने फेरावी आणि त्या वेळी वापरलेला बीजांक (तोच यादृच्छिक क्रम पुन्हा मिळवून देणारा अंक) जपून ठेवावा. नियंत्रणेही दोन वेगळ्या प्लेटांमध्ये कोंबू नयेत, नाहीतर ती प्रत्येक ब्लॉकच्या एकाच ओळीत येतात. ७६८ नियंत्रणे सर्व प्लेटांमध्ये वाटली, तर प्रत्येक प्लेटला सरासरी २८ येतात. सोबत ती पिनांमध्येही समान वाटली, तर प्रत्येक ब्लॉकच्या एका अर्ध्यात १६ आणि दुहेरी छपाईमुळे ब्लॉकभर ३२ नियंत्रण स्पॉट मिळतात.

पिननिहाय लोएस वापरायचे असेल, तर प्रत्येक ब्लॉकमध्ये पुरेसे स्पॉट हवेत. सुमारे १५०पेक्षा कमी असतील तर वक्र डळमळतो. इथे ४३२ आहेत, त्यामुळे ही पद्धत निर्धास्तपणे वापरता येते.

प्लेट उलटी बसली तर?

छपाईयंत्रात प्लेट १८० अंशांनी फिरून बसणे, किंवा दोन प्लेटांचा क्रम बदलणे, ही नेहमी घडणारी आणि सहसा न कळणारी चूक आहे. अशी स्लाइड दिसायला निर्दोष असते. म्हणून चूक स्वतःहून उघड होईल अशी खूण रचनेतच पेरावी. प्रत्येक प्लेटमध्ये एक वेल रिकामा ठेवावा आणि त्याच्या शेजारच्या वेलमध्ये नेहमी तेजस्वी दिसणारे नियंत्रण भरावे. केवळ रिकामी जागा पुरेशी नाही, कारण पिन चुकल्यासही रिकामी जागा दिसते.

ही जोडी ए ते एच या वरच्या आठ ओळींमध्येच, पण प्रत्येक प्लेटमध्ये निराळ्या ठिकाणी ठेवावी. प्लेट उलटी बसली, तर ए-१मधील द्रव पी-२४च्या जागी येतो. पहिल्या ब्लॉकमध्ये त्या प्लेटच्या आठ स्पॉटांपैकी पहिला रिकामा दिसायला हवा होता, त्याऐवजी ४८व्या ब्लॉकमधील आठवा रिकामा दिसतो. वरच्या ओळींतील कोणतीही जागा उलटल्यावर खालच्या ओळींतच जाते, म्हणून उलटलेल्या प्लेटची खूण दुसऱ्या प्लेटच्या योग्य खुणेशी कधीच जुळत नाही. जागा प्लेटनिहाय वेगळी असल्याने क्रमातील अदलाबदलही कळते.

ब्लॉक, स्तंभ, ओळ, प्रोबचा क्रमांक आणि नाव यांची जोडणी करणारी गॅल फाइल छपाईयंत्राच्या सॉफ्टवेअरकडून मिळते. ती डोळे झाकून स्वीकारू नये. काही प्रोबांची स्लाइडवरील जागा प्लेटमधल्या जागेवरून स्वतः हाताने काढावी आणि फाइलशी ताडावी. त्यात पहिल्या व शेवटच्या प्लेटमधील कोपऱ्यांचे वेल आवर्जून घ्यावेत. फाइलमध्ये प्रोबच्या क्रमांकासोबत त्याचा प्रत्यक्ष क्रमही जतन करावा. जनुकांची नावे आणि जीनोमच्या आवृत्त्या बदलत राहतात. क्रम हाती असला, तर दहा वर्षांनीही प्रोबची ओळख नव्याने ठरवता येते.

छपाई

अमिनोसिलेन, पॉली-एल-लायसिन, अल्डिहाइड किंवा इपॉक्सी यांपैकी कोणताही लेप चालतो, पण एका प्रकल्पात एकच लेप आणि शक्यतो एकाच गटातील काचा वापराव्यात. ऑलिगोची संहती साधारण २० ते ४० मायक्रोमोलार आणि सर्व वेलमध्ये समान हवी. छपाईकक्षातील सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान स्थिर राखावी. हवा कोरडी झाली की थेंब कडेकडून सुकतो आणि प्रोब कडेला जमून मध्ये पोकळ वर्तुळ उमटते. छपाई-द्रावणात बेटेन किंवा डीएमएसओ घातल्यास बाष्पीभवन मंदावते. द्रव घेतल्यानंतर पिनेचे पहिले थेंब मोठे पडतात, म्हणून ते एखाद्या फालतू काचेवर उतरवावेत. पिना धुणे पुरेसे आहे का, हे पाहण्यासाठी रंगद्रव्याच्या तीव्र द्रावणानंतर लगेच कोरे द्रावण छापून पाहावे.

प्रत्येक स्लाइडवर छपाईचा गट आणि त्या गटातील क्रमांक कोरावा. पहिल्या आणि शेवटच्या काचांमध्ये थेंबाचा आकार सूक्ष्मपणे बदलत जातो. त्यातील एक-दोन काचांवर साय-३ने अंकित केलेले यादृच्छिक नऊ-बेसी ऑलिगो संकरित केले, की प्रत्येक स्पॉटवर डीएनए खरोखर आहे का ते दिसते. जे स्पॉट इथे गैरहजर असतील, त्यांना विश्लेषणात आधीच शून्य वजन द्यावे.

स्लाइडांचे वाटप आणि स्कॅनिंग

छपाईच्या क्रमाने पहिल्या सहा काचा नियंत्रण गटाला आणि पुढच्या सहा उपचार गटाला देणे, किंवा एका दिवशी एक गट आणि दुसऱ्या दिवशी दुसरा गट संकरित करणे, यामुळे पुढे कोणतेही सूत्र उपयोगी पडत नाही. दिवस आणि उपचार एकच होऊन जातात. प्रत्येक संकरण-दिवसात दोन्ही गटांचे आणि दोन्ही रंग-दिशांचे नमुने समप्रमाणात हवेत आणि त्यांच्या वाट्याला येणारी काच चिठ्ठी टाकून ठरवावी. तयार मिळणाऱ्या, एका काचेवर आठ स्वतंत्र अ‍ॅरे असलेल्या स्लाइडलाही हेच लागू आहे. तिथे प्रोबांची अंतर्गत मांडणी निर्मात्याकडे असली, तरी आठांपैकी कोणत्या कप्प्यात कोणता नमुना जाईल हे आपणच ठरवतो. एका गटाचे चार नमुने एकाच टोकाला ठेवू नयेत.

साय-५ ओझोनला फार संवेदनशील आहे. हवेत अब्जांशी ५ ते १० भाग एवढा ओझोनही धुतल्यानंतरच्या काही क्षणांत संकेत घटवू शकतो आणि साय-३ मात्र तसाच राहतो, त्यामुळे गुणोत्तर एका दिशेने सरकते. ओझोन गाळणारी यंत्रणा असलेल्या जागेत काच धुवावी, सुकवावी आणि विलंब न लावता स्कॅन करावी. पिक्सेलचा आकार स्पॉटच्या व्यासाच्या दशांशाहून मोठा नसावा. १०० मायक्रोमीटरच्या स्पॉटसाठी १० मायक्रोमीटरला सुमारे ७८ पिक्सेल मिळतात, तर ५ मायक्रोमीटरला सुमारे ३१४. स्कॅनरची १६ बिटची मोजपट्टी ६५,५३५ला संपते. त्या मर्यादेला टेकलेल्या स्पॉटचे गुणोत्तर आक्रसते आणि ते कोणत्याही नॉर्मलायझेशनने परत मिळत नाही. तेजस्वी नियंत्रणे सोडून इतर स्पॉट संपृक्त होणार नाहीत, अशी संवेदकाची पातळी ठरवावी.

खऱ्या नमुन्यांआधी एक चाचणी

मौल्यवान नमुने लावण्यापूर्वी एकच आरएनए दोन्ही रंगांनी अंकित करून एका काचेवर संकरित करावा. इथे प्रत्येक जनुकाचे खरे लॉग-गुणोत्तर शून्य आहे, म्हणून जे काही दिसते ते सर्व तांत्रिक आहे. तीव्रतेविरुद्ध लॉग-गुणोत्तराचा आलेख काढावा आणि प्रत्येक पिनचा वक्र वेगळा रेखावा. एखादा वक्र इतरांपासून सुटा पडला, तर ती पिन तपासावी. नंतर लॉग-गुणोत्तरे स्लाइडवरील जागेनुसार रंगवून पाहावीत. कडेचा पट्टा आटलेला द्रव सुचवतो, तर एका कोपऱ्याकडे चढत जाणारा उतार असमान संकरण. शेवटी तीच गुणोत्तरे प्लेटनिहाय गटांत मांडावीत. प्लेटांचे मध्यक शून्याभोवती असतील, तर वेल भरण्याची पद्धत बरोबर आहे. दोन प्रतींमधील सहसंबंध मात्र या चाचणीत लॉग-गुणोत्तरांऐवजी तीव्रतेवरून पाहावा, कारण इथे गुणोत्तरांमध्ये मोजण्याजोगा खरा फरकच नसतो.

चाचणीतून दिसलेल्या दोषांनुसार मांडणी बदलली, तर रचनेला नवा आवृत्ती-क्रमांक द्यावा आणि जुनी गॅल फाइल पुसून टाकू नये, कारण जुन्या काचांचे वाचन तिच्यावरच अवलंबून असते. मांडणी पक्की झाल्यावर प्रोबांचे क्रम, स्लाइडवरील जागा, नियंत्रणांचे प्रकार, छपाईचा गट आणि नमुन्यांचे वाटप यांची मायक्रोअ‍ॅरे प्रयोगाची किमान कोणती माहिती द्यावी हे सांगणाऱ्या, २००१मध्ये मांडल्या गेलेल्या मियामे निकषांनुसार एकत्र नोंद करावी. पुढे जीईओ किंवा अ‍ॅरेएक्स्प्रेस या सार्वजनिक संग्रहांत माहिती जमा करताना स्लाइडची रचना स्वतंत्र नोंद म्हणून द्यावी लागते. तिथे केवळ नॉर्मलाइझ केलेले आकडे न देता कच्च्या तीव्रता, ब्लॉक, ओळ आणि स्तंभ यांसह द्याव्यात, म्हणजे दुसऱ्या विश्लेषकाला पिनचा आणि प्लेटचा परिणाम स्वतः पडताळून पाहता येईल.